भगवानरावांच्या गाडीचे नवे ब्रेक

पाहुण्यांसाठी स्टेशनवर टांगा सांगायचा नाही, असं भगवानरावांनी ठरवलं आणि तिथून सगळं सुरू झालं. ठरवलं तेव्हा ते अंगणात दात घासत होते. (दात घासताना घेतलेला कुठलाच निर्णय त्यांना आजवर लाभलेला नव्हता, पण तोंडात फेस असताना माणसाला समोरच्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही, म्हणून तो मनातल्या मनात ठाम होतो.)

पाहुणे पूर्णेहून येणार होते. रंगनाथराव म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि रेल्वेतच चिकटलेला मुलगा भुजंग. येणार होते ते भगवानरावांच्या मुलीला, सत्यशीलेला बघायला. सत्यशीला एम. ए. करत होती. कुठल्या विद्यापीठात असं कुणी विचारलं की भगवानराव नुसतं ‘औरंगाबादला’ म्हणत, कारण नामांतराच्या वादाच्या त्या वर्षांत विद्यापीठाचं नाव घ्यायच्या आधी माणूस समोर कोण बसलंय ते बघून घ्यायचा. मध्यस्थानं रंगनाथरावांना सगळं सांगितलं होतं. मुलगी शिकलेली, बाप पाटबंधारे कचेरीत हेडक्लार्क, माणसं साधी. गाडीचं तेवढं सांगितलं नव्हतं.

गाडी म्हणजे दोन सीटची, बिनटपाची विलायती स्पोर्ट कार. पालमकडच्या एका जहागीरदारानं हैदराबादला जाताना तिची किल्ली आपल्या मुनशीच्या, म्हणजे भगवानरावांच्या चंद्रभानमामांच्या हातात ठेवली. मामांनी ती गोठ्यात लावली. पुढं बरीच वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मामा गेल्यावर मामेभावांनी जमीन, विहीर, बैल सगळं आपसात वाटून घेतलं आणि गाडी मोठ्या मनानं भगवानरावांना दिली. कधीकाळी लाल असलेली ती गाडी आता भाजलेल्या विटेच्या रंगाची झाली होती. उंची अशी की तीत बसणं म्हणजे पाटावर जेवायला बसणं. बैलगाडी शेजारून गेली की बैल वरून खाली बघायचा, आणि त्याच्या नजरेत कीव असायची.

ती चालायची. थांबत नव्हती. तिचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, ड्रमचे. भगवानराव तहसीलपाशी ब्रेकवर पाय ठेवत आणि घराच्या दोन घरं पुढं गाडी थांबे. त्या घरातल्या दगडाबाई आवाज ऐकला की उठून कोंबड्या आत घेत.

“टांगा सांगा,” केशरबाई म्हणाल्या. त्या भगवानरावांच्या पत्नी. लग्नाला बरीच वर्षं झाल्यामुळे त्यांनी आवाज चढवणं सोडून दिलं होतं.

“व्याही माणूस टांग्यात? घरात स्पोर्ट कार असताना?”

“ती थांबत न्हाई.”

“थांबेल. डिस्क ब्रेक बसवून घेतो.”

“ते काय असतं?”

“लेटेस्ट असतं,” भगवानराव म्हणाले. वाचनालयात एका इंग्रजी मासिकात त्यांनी डिस्क ब्रेकचं चित्र पाहिलं होतं. चित्राखालचा मजकूर वाचायच्या आत दुसऱ्या कुणीतरी मासिक मागितलं होतं.

साखर कारखान्याच्या रस्त्याला नागनाथ मिस्त्रीचं गॅरेज होतं. तो ट्रॅक्टर, ट्रक आणि जीप करायचा, आणि कुठल्याही कामाला नाही म्हणायचं नाही या स्वभावापायी त्याच्या दारात अर्धवट उघडलेल्या गाड्यांची रांग असायची. त्यानं नांदेडच्या भंगारातून उलटलेल्या मारुतीच्या पुढच्या चाकांच्या डिस्क आणल्या.

“बसतील का?” भगवानरावांनी विचारलं.

“बसवायच्या असत्यात साहेब. आपसूक बसत न्हाईत.”

परवा गाडी घेऊन जा, असं नागनाथ म्हणाला होता. तो परवा पुष्कळ दिवस टिकला. डिस्कची भोकं एकीकडं आणि गाडीची भोकं दुसरीकडं. नवीन भोकं पाडली तर चाक घासायला लागलं. चाक बाहेर काढलं तर डिस्क धरणारा लोखंडी जबडा टेकवायला जागा राहिना. शेवटी मोडक्या वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, कापून तिचा आधार केला. कचेरी सुटली की भगवानराव गॅरेजमध्ये जाऊन एका जुन्या टायरवर बसत. तिथं करण्यासारखं काहीच नसे, पण घरी गेलं तर केशरबाई काही विचारत नसत, आणि ते जास्त जड जाई.

एकदा नागनाथनं पायाच्या पेडलजवळचा, तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर हातात धरून विचारलं, “हे बी बदलून टाकावं का? जुन्या ब्रेकचं हाय.”

“त्याला हात लावू नका,” भगवानराव म्हणाले. “तो ओरिजिनल आहे.”

(सगळ्या कामात त्यांनी एवढा एकच तांत्रिक निर्णय घेतला.)

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी गाडी तयार झाली. ट्रायलला भगवानरावांनी पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि त्यांचं कपाळ काचेवर आपटलं. टेंगूळ घेऊन ते घरी आले ते अगदी प्रसन्न होऊन. केशरबाईंनी हळद लावली आणि म्हणाल्या, “टांगा सांगू का?”

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. लक्ष्मीबाई येणार म्हणून बाईमाणूस स्टेशनवर हवं, आणि रंगनाथरावांना गाडीतून आणल्यावर बाकीच्यांनी टांग्यानं यायचं, अशी तडजोड झाली होती. स्वयंपाक दगडाबाईंवर सोपवला होता.

बाजाराचा दिवस होता. शेळी आडवी आली, भगवानरावांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली.

“बघितलं?” ते म्हणाले.

“बघितलं.”

मग उसाची गाडी आली, मग एक म्हातारा, मग ओळखीचा एक माणूस, ज्याच्यासाठी थांबायची काहीच गरज नव्हती. दर वेळी गाडी झकास थांबत होती. निघताना मात्र दर वेळी आधीपेक्षा जड निघत होती. भगवानरावांनी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी ओल्या रानातून वखर ओढावा तशी चालली.

“अहो, कायतरी जळायलंय,” केशरबाई म्हणाल्या.

“नवीन आहे ना. नव्याचा वास येतो.”

“चाकातून धूर निघायलाय.”

“तोही नव्याचाच असेल,” भगवानराव म्हणाले.

स्टेशनच्या अलीकडे रेल्वेचं फाटक होतं. गाडी यायची वेळ झाल्यामुळे फाटकवाला फाटक पाडायच्या बेतात होता. भगवानरावांना ओळखून त्यानं हात केला, चला चला. ते रुळांवर आले आणि नेमकं पुढं एक कुत्रं बसलं. त्यांनी ब्रेक दाबला. कुत्रं उठून गेलं. गाडी गेली नाही.

फाटकवाला धावत आला. “साहेब, पुढं घ्या.”

“जात नाही.”

“मग मागं घ्या.”

“मागंही जात नाही.”

“ढकलू का?”

दोघांनी ढकलली. केशरबाई उतरल्या, पदर खोचला आणि त्यांनीही ढकलली. पुढची दोन्ही चाकं अशी आवळलेली की गाडी रुळांतच रुजल्यासारखी. पूर्णेच्या बाजूनं शिट्टी ऐकू आली. आता फाटकवाल्यानं लाल झेंडा उचलला आणि रुळांमधून शिट्टीच्या दिशेनं पळत सुटला.

“तुमी बाजूला व्हा,” केशरबाई म्हणाल्या.

भगवानराव हलले नाहीत. ते स्टिअरिंग धरून उभे होते. लाजेनं माणूस किती बावळट होतो बघा, अशा वेळीही त्यांना आगगाडी येण्यापेक्षा न येण्याचीच जास्त भीती वाटत होती, कारण आली नाही तर ती का आली नाही हे सगळ्यांना कळणार होतं. केशरबाईंनी त्यांचा दंड धरला आणि ओढून बाजूला नेलं.

आगगाडी बरीच लांब थांबली. खिडक्यांतून डोकी निघाली, मग डोक्यांमागून माणसं उतरली आणि रुळांच्या कडेनं चालत आली. सगळ्यांच्या पुढं काळी टोपी घातलेले एक उंच गृहस्थ होते.

“गाडी कुणाची ही?” त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता ते बोलतच राहिले. “सगळी नोकरी रेल्वेत गेली माझी, सिग्नल सोडून दुसऱ्या कशानं गाडी थांबली न्हाई. आन् आज पोरगी बघायला चाललोत तर ही खेळण्यातली गाडी आडवी. मालक कुठंय हिचा?”

भगवानरावांच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो उजेड त्यांना अजिबात नको होता.

“मालक घरी आहेत,” ते म्हणाले. “मी ड्रायव्हर.”

“ड्रायव्हर? मग ब्रेक सोडता येईना का तुला?”

“नवीन आहेत, साहेब.”

केशरबाईंनी पदर सारखा केला, डोक्यावरून घेतला आणि एक पाऊल पुढं आल्या. “हेच मालक,” त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. “आन् मी मुलीची आई. या. प्रवास बरा झाला न्हवं?”

रंगनाथरावांनी आधी केशरबाईंकडं पाहिलं, मग टेंगळाकडं, मग गाडीकडं. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं, टोपी घातली आणि मागं वळून भुजंगला हाक मारली, “ये रे. हात लाव.”

होणारा जावई, होणारा व्याही आणि डब्यातली दहा-बारा माणसं, सगळ्यांनी गाडी उचलली आणि रुळांपलीकडं बाभळीखाली नेऊन ठेवली. कुणीतरी मागून ‘आस्ते, आस्ते’ म्हणत होतं. पाहुण्यांसकट सगळे परत डब्यात चढले आणि आगगाडी निघाली तेव्हा प्रत्येक खिडकीतून एक हात हलत होता. भगवानरावांनी सुरुवातीला दोन-तीन हातांना उत्तर दिलं, मग सोडून दिलं.

ती दोघं चालत स्टेशनवर पोचली तोवर पाहुणे टांगा करून गेले होते. घरी पोचली तेव्हा पाहुण्यांनीच त्यांना या, बसा म्हटलं. दगडाबाईंनी पोहे दिले होते आणि पोह्यांबरोबर गाडीचा सगळा इतिहासही.

सत्यशीला समोर बसली होती. लक्ष्मीबाईंनी तिला विचारलं, “काय काय येतं, बाळ?”

“स्वयंपाक येतो. शिवण येतं.” ती थोडी थांबली. “गाडी ढकलता येते. चढावर बी.”

भुजंग हसला. हसू नये म्हणून त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि त्याला ठसका लागला. सत्यशीलेनं उठून त्याला दुसरं पाणी दिलं. त्यानंतर दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही, इतकं नीट पाहिलं नाही की ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी नागनाथनं बाभळीखालीच मास्टर सिलिंडर खोलला. जुन्या ब्रेकसाठी त्यात एक बारीक झडप होती, ती नळीत थोडा दाब धरून ठेवायची. ड्रमला ते चालायचं. डिस्क मात्र एकदा आवळली की सैल होईना. “मला बी आजच कळलं,” नागनाथ म्हणाला. रेल्वेचे लोकही येऊन जे विचारायचं ते विचारून गेले. भगवानरावांनी सगळं कबूल केलं. नाकारायला ताकदच उरली नव्हती.

आठवड्यानं मध्यस्थ निरोप घेऊन आला. भगवानराव कचेरीत होते, म्हणून तो केशरबाईंनाच सांगून गेला. संध्याकाळी भगवानराव दारात चप्पल काढत होते तेव्हा त्या म्हणाल्या, “पसंत हाय म्हणून सांगितलंय.”

भगवानराव तिथंच उंबऱ्यावर बसले. किती दिवसांनी त्यांना पाठ टेकावीशी वाटली. केशरबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि चहा टाकला.

मग हळूहळू भगवानरावांची मान ताठ झाली. “काही म्हणाले का रंगनाथराव? कशामुळं पसंत पडली?”

“म्हणाले ना. रुळावर उभं राहून बी मुलीच्या आईनं प्रवासाचं विचारलं. असल्या घरची मुलगी कशालाच घाबरायची न्हाई, म्हणाले.”

“आणि माझ्याबद्दल?”

केशरबाईंनी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला.

“म्हणाले, मुलगी पार आईवर गेलीय, याची चौकशी करून मगच हो म्हणलंय.”