उवेच्या पोटातलं बिऱ्हाड

पुण्याहून अमरावतीला आले त्या दिवशी मी अजून बैलांच्या दमणीतून नीट उतरलेही नव्हते, तोच आमचे घरमालक पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "या वहिनी. रस्त्यात तरास नाही ना झाला? डोक्यात उवा-गिवा हायेत का?"

मी पदर कपाळापर्यंत ओढला. पुण्यात कुणी असं विचारलं असतं तर दोन घरांचं जन्माचं बोलणं बंद झालं असतं. "नाहीत," मी तुटक सांगितलं. त्यावर घरमालकांचा चेहरा असा उतरला, की उवा नसल्याबद्दल मलाच चोरट्यासारखं वाटलं. "राहू द्या," ते म्हणाले, "पन पुढंमागं सापडली तं मारू नोका. मले आवाज द्या."

हे माधोभाऊ. गावाबाहेर त्यांचा मळा होता. वांगी, मेथी आणि सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे कळायला मला फार दिवस लागले. तिकडे दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती म्हणे, आणि त्यापायी इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचे दिवस आले होते. माझे यजमान एका पेढीवर कारकून म्हणून आले, तेव्हा गावात उभं राहायला जागा मिळेना. माधोभाऊंनी आपलं अर्धं घर आम्हाला दिलं. उरलेल्या अर्ध्यात ते, त्यांची मुलगी गंगू आणि उवा.

तेव्हा लोकांच्या हातात पैसा खेळत होता आणि काय घ्यावं ते कुणाला सुचत नव्हतं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावाला सगळं गाव लोटलं. एकानं काचेचं झुंबर नेलं आणि गोठ्यात टांगलं. माधोभाऊंनीही त्या साली वांगी उपटून कापूस लावला होता. त्यांनी लिलावातून एक पितळी नळी आणली. वर काच, खाली काच, पायाशी ऊन पकडायला एवढासा आरसा. बारकी वस्तू खाली ठेवायची आणि वरून डोळा लावायचा. पुढच्या वर्षी मळ्यात पुन्हा वांगी आली. नळी मिळाल्यावर त्यांना कापसाकडून आणखी काही नको होतं.

दुपारी बाया ओट्यावर बसून एकमेकींची डोकी पाहत. नखावर ऊ चिरडायची वेळ आली, की कुठूनसे माधोभाऊ धावत यायचे. "मारू नोका! मारू नोका! पोटात बिऱ्हाड हाये!"

हे बिऱ्हाडाचं प्रकरण त्यांनी मला एकदा समजावलं. उवेच्या पोटावर मधोमध एक पिवळसर ठिपका असतो. नीट पाहिलं तर नुसत्या डोळ्यालाही दिसतो. तो ठिपका फोडून नळीखाली धरला, की आत बारीक दाणे दिसतात. "थे दाने उवेचे नाहीत, वहिनी. कोनी दुसरंच तिथं रायते. भाडेकरू होय थो. तुमच्यासारखा."

"उपमा छान आहे," मी म्हणाले.

"अवो, राग नोका मानू. थो भाडं देते म्हून तं ऊ जगते!"

भाडेकरू भाडं कसलं देतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण देतो याची खात्री होती. बाभळीच्या काट्यानं त्यांनी काही उवांचा ठिपका अलगद काढून पाहिला होता. मग त्या उवा ते स्वतःच्या पोटरीवर पोसत. हो, पोसत! धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन, डोळे मिटून, आरती चालल्यासारखे शांत बसत. "रक्त तं पोटभर पेते," ते सांगत, "पन ठिपका काढला का ऊ सुकते. अंडं घालत नाही, काही नाही. खाते आन् सुकते. एकटं कोनाच्यानं रायवत नाही, वहिनी. उवेच्यानं बी नाही."

यजमानांनी हे ऐकलं आणि त्या रात्री माझ्याकडून स्वतःचं डोकं दोनदा तपासून घेतलं.

माधोभाऊ या नादाला लागले कसे, ते गंगूनं सांगितलं. तिची आई गेली तेव्हा ती अगदी लहान होती. नातेवाईक म्हणाले, पोरीचं डोकं भादरून टाका, तुम्ही कुठे वेण्या घालत बसणार. माधोभाऊंनी ऐकलं नाही. रोज सकाळी मळ्यात जायच्या आधी तिला पायरीवर बसवून ते फणीनं तिचे केस विंचरायचे. पहिला ठिपका त्यांना तिच्याच उवेत दिसला. पुढे गंगूचं डोकं आरशासारखं स्वच्छ झालं, तरी सकाळचं विंचरणं सुटलं नाही. वेणी मात्र त्यांना शेवटपर्यंत सरळ जमली नाही. ती नेहमी डाव्या खांद्याकडे पळायची.

गंगूचं लग्न लहानपणीच झालेलं होतं. आता ती मोठी झाली, आणि अकोल्याहून तिच्या सासूबाई स्वतः तिला न्यायला येणार असा निरोप आला. बाई कडक आहे, असा लौकिक होता. मी माधोभाऊंना बजावलं, "उवांचं नावसुद्धा काढायचं नाही." त्यांनी गळ्याची शपथ घेतली. गळा गंगूचा होता.

सासूबाई आल्या. धिप्पाड बाई, नाकात ही एवढी नथ. ओसरीवर घोंगडी घातली होती. गंगूला निरोप द्यायला सगळ्या आळीतल्या बाया अंगणात जमल्या होत्या. माधोभाऊ गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. मी त्यांच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं, तर सासूबाईंच्या कानामागून एक ठसठशीत ऊ उतरत होती. मी डोळे वटारले. मान हलवली. खोकले. माधोभाऊंनी ओठ घट्ट दाबून धरले होते आणि कपाळावर घाम आला होता. ऊ खांद्यावर येऊन थांबली.

"हलू नोका, इहिनबाई!"

तांब्या पडला. माधोभाऊंनी चिमटीत ऊ धरली आणि आत पळाले. अंगणात कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळ्याच हसल्या.

सासूबाई उठल्या. "माह्या डोक्यातली ऊ काढते? इतल्या बायांसमोर? ठेवा आपली पोरगी आपल्याच घरी. मले वेड्याच्या घरची सून नोको! जुंपा रे गाडी!"

हसणं थांबलं. सासरनं टाकलेल्या मुलीचं पुढे काय होतं, हे त्या अंगणातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. गंगू बोचकं उराशी धरून दाराशी उभी होती. तेवढ्यात माधोभाऊ हसतच बाहेर आले. "इहिनबाई, काय ठिपका हाये जी! असा ठिपका म्या जल्मात..." मग त्यांना गंगूचा चेहरा दिसला. जुंपलेले बैल दिसले.

ते आत गेले. आता ते बाहेर आले नसते, तर गंगू त्यांच्याजवळच राहिली असती, जन्मभर. मला हे समजत होतं, तर त्यांना समजलं नसेल असं मला वाटत नाही. पण ते आले. नळी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली होती. ती त्यांनी विहिणीच्या पायाशी ठेवली. "गुन्हा माह्या होय. पोरीचा नाही. आजपासून हे बंद. पोरगी न्या जी."

सासूबाईंनी नळीकडे पाहिलं, गंगूकडे पाहिलं. "हे नळी इथं रायली तं तुमी उद्या पुन्हा डोळा लावान," त्या म्हणाल्या. "टाका गाडीत."

अशी गंगू गेली आणि तिच्यासोबत नळीही गेली. दमणी निघाली तेव्हा माधोभाऊ मागून धावले आणि गंगूच्या हातात लाकडी फणी दिली. आता घरात त्यांना लागणारं काहीच उरलं नव्हतं.

त्यानंतर ते अगदी शहाण्यासारखे वागू लागले. कुणाला उवांबद्दल विचारलं नाही. बाया मुद्दाम त्यांच्यासमोर नखावर ऊ टिचकन मारत, तरी ते मान वर करीत नसत. मी ताट पाठवायची ते सगळं संपवत. पण बंडी अंगावर सैल होत गेली. सकाळी मळ्यात जायच्या आधी ते पायरीवर येऊन थोडा वेळ बसत आणि मग उठून जात. मला त्यांच्या त्या काट्यानं ठिपका काढलेल्या उवा आठवत. त्याही पोटभर पीत होत्या. मला माणूस डोळ्यांदेखत सुकताना दिसत होता, आणि ताट वाढून देण्यापलीकडे काय करावं ते सुचत नव्हतं.

दिवाळीला गंगू आली. अकोल्याहून आगगाडीनं बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून दमणीनं. उतरली तीच बोलत. तिच्या काखेत फडक्यात गुंडाळलेली नळी होती. "काकू, सासूबाईनं वापस धाडली. म्हने, आता तुया बापाले दे, माह्यं पाहून झालं. अवो, रोज दुपारी नळी घेऊन बसे! गल्लीतल्या बाया बोलावे. कोनाले ऊ मारू देत नाही आता."

मग तिनं माझ्या हातात बोरूचं एक पोकळ कांडं दिलं. तोंडाशी कापसाचा बोळा होता. "हे बी धाडलं. आत सासूबाईच्या डोक्यातली ऊ होय. म्हने, इवायाले सांग, ठिपका खरा हाये."

माधोभाऊ मळ्यातून आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. गंगूकडे पाहिलंही नाही. नळी घेतली, अंगणात पायरीपाशी उन्हात ठेवली, आरसा फिरवला आणि वाकून डोळा लावला.

"दिसला का ठिपका, बाबा?" गंगूनं विचारलं.

"हाये ना बाई. हाये. मोठा हाये."

कितीतरी वेळ त्यांनी मान वर केली नाही. पाठ हलत होती. गंगू हळूच जाऊन त्यांच्याजवळ पायरीवर बसली आणि सरळ, सुरेख घातलेली आपली वेणी सोडायला लागली.

बोरूचं कांडं माझ्याच मुठीत होतं. कापसाचा बोळा अजून काढलेला नव्हता.