प्रातिनिधिक रुग्ण

साथीच्या तापाबद्दल आमच्या शहरात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही, हे मी अत्यंत नम्रपणे नमूद करतो. मी वर्तमानपत्रात आरोग्याचं पान सांभाळतो. साथ आली तसा मी अर्धं पान भरून लेख लिहिला. ताप डासांमुळे पसरतो, शिवल्याने नाही, रुग्णाच्या घरचं खाल्ल्यानेही नाही. शेंबड्या पोरालाही कळेल इतका सोपा लेख!

प्रश्न होता फोटोचा. खऱ्या रुग्णाचा फोटो छापायचा नाही, असा आमचा नियम. मग कचेरीतलंच कोणीतरी आजारी पडतं. मागे पोटदुखीला आमचा शिपाई कळवळला होता आणि निद्रानाशाला खुद्द संपादक बसले होते. या वेळी मी आपणहून पुढे झालो. घोंगडी पांघरली, तोंडात थर्मामीटर धरला आणि डोळे असे काही फिरवले, की फोटोग्राफरने घाबरून माझ्या कपाळाला हात लावला. खाली 'छायाचित्र प्रातिनिधिक' असं छापलं, पण मुंगीलाही चष्मा लागावा इतक्या बारीक अक्षरांत.

सकाळी दूधवाल्याने पिशवी जिन्यातच ठेवून धूम ठोकली, तेव्हाही मी अभिनय किती वठला याच खुशीत होतो. तेवढ्यात शाळेतून फोन आला.

इथे सांगायला हवं, की बायकोने नुकताच घरी केक करून विकायचा उद्योग सुरू केला होता. शाळेच्या समारंभाचा तीन थरांचा केक ही तिची पहिली मोठी ऑर्डर. तो गेला तर उद्योग चालणार, नाही तर बसणार. आणि फोनवरचे कारकून म्हणत होते, तापाच्या घरातला केक मुलांना कसा द्यायचा, राहू द्या.

बायकोने क्रीमचे हात तसेच धरून माझ्याकडे पाहिलं. "आजारी पडायला सगळ्या शहरात तुम्हीच सापडलात?"

मला फार वाईट वाटलं. वर्तमानपत्र घेऊन मी तडक खाली अंगणात गेलो आणि लेखाची सुरुवात खणखणीत आवाजात वाचली. लोक जमले, पण सगळे भिंतीला चिकटून. तळमजल्यावरचे निवृत्त काका म्हणाले, आजारी माणूस असंच म्हणतो. शेजारच्या शिंपीबुवांना तर पेपरवाले खरं दाबतात हे आधीपासूनच ठाऊक होतं. शेवटी मी ठणठणीत असल्याचा पुरावा म्हणून तिथेच जोर काढायला सुरुवात केली. जोर काढून मला वीस वर्षं झाली होती! उठलो तेव्हा तोंड लाल, अंगाला घाम आणि पाय लटपटत होते.

"चढला बघा," काका हळहळले. कोणीतरी झाडूने ढकलत माझ्यापर्यंत खुर्ची पोचवली.

एवढ्यात फाटकातून मुख्याध्यापिकाबाई आल्या. हातात आमचंच वर्तमानपत्र. कारकुनाने परस्पर ऑर्डर रद्द केल्याचं त्यांना आत्ताच कळलं होतं. त्या सरळ माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हा ताप शिवल्याने पसरत नाही. लेखात स्पष्ट लिहिलंय. मी अख्खा वाचलाय. आणि फोटो खोटा आहे, तेही खाली छापलंय."

अख्खा वाचला! माझी छाती इतकी फुगली, की शर्टाचं बटण तुटायचंच राहिलं. बाई केक न्यायला वर निघाल्या, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे अंगणातली सगळी वरात.

केक पाहून बाई खूश झाल्या. बायकोचा जीव भांड्यात पडला. मग बाई सहज म्हणाल्या, लेखाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय ना, कोणाच्याही घरी गेलात तर आधी कुंड्यांखालच्या थाळ्या बघा. आणि त्या थेट आमच्या गॅलरीत गेल्या.

गॅलरीतल्या झाडांना पाणी घालणं हे या घरातलं माझं एकमेव काम. प्रत्येक थाळीत पाणी तुडुंब होतं आणि त्यात डासांच्या अळ्या मजेत वळवळत होत्या. काकांनी वाकून पाहिलं, शिंपीबुवांनी पाहिलं, वरातीमागून आलेल्या दूधवाल्यानेही दारातून मान आत घातली.

"हा लेख तुम्हीच लिहिलाय ना?" बाईंनी विचारलं.

मी थाळ्या उन्हात उपड्या घालायला निघालो. उत्तर केकच्या खोक्याला फीत बांधता बांधता बायकोने दिलं.

"लिहितात हेच. फक्त वाचत नाहीत."