आठव्या श्रेणीची नळी

वाचकहो, पोलादाचा कुठलाही तुकडा माझ्या हातात द्या. तो कुठल्या लेथवर उतरला, त्या टर्नरचं लग्न झालं होतं की नाही आणि त्या दिवशी सोमवार होता की शनिवार, हे मी डोळे मिटून सांगतो! आमच्या पंप कारखान्यात बत्तीस वर्षं मी तपासनीस होतो. नाव यिन दाचेंग, पण सगळे मला 'शतांश' म्हणायचे. कारण एक शतांश मिलिमीटरची चूकसुद्धा मी कधी कुणाला माफ केली नाही. कारखाना बंद पडून पंचवीस वर्षं झाली, छपरांवर झाडं उगवली, पण माझा मायक्रोमीटर अजून उशाशी असतो. बायको श्यूलान म्हणते, "ए म्हाताऱ्या, त्याच्याशीच लग्न करायचं होतंस!"

गेल्या वर्षी बर्फ वितळल्यावर त्या पडक्या कारखान्याचं संग्रहालय करायचं ठरलं. साफसफाईत टर्निंग विभागातलं एक लोखंडी कपाट भिंतीपासून उपटलं, तर मागच्या फटीतून एक वस्तू निघाली. ती घेऊन संग्रहालयाची मियाओ नावाची पोरगी माझ्याकडे आली. पोरगी हुशार, नम्र, पण पार दक्षिणेकडची. आमच्या उत्तरेकडच्या लिआओनिंगच्या थंडीत मे महिन्यातही स्वेटर घालून फिरायची.

"यिन उस्ताद, हे काय आहे हो? यंत्रभागांच्या नकाशांच्या एकाही वहीत सापडत नाही."

पाहतो तर अंगठ्याएवढी पोलादी नळी. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. नंबर नाही, शिक्का नाही, आणि आतून अशी गुळगुळीत की बोट घसरावं!

"ओळखलंत तर पाटीवर तुमचं नाव लावू," मियाओ म्हणाली. "वस्तू तपासणारे तज्ज्ञ म्हणून."

मी नळी घट्ट मुठीत धरली. का, तेही सांगतो. कारखान्याच्या फाटकाशी आदर्श कामगारांचा फलक असायचा. बत्तीस वर्षांत त्यावर माझं नाव एकदाही लागलं नाही. लोकांच्या कामात चुका काढणाऱ्याला हार कोण घालणार! मला त्याचं वाईट वाटायचं, फार वाटायचं, पण तपासनीसाला तसं म्हणता येत नाही. आता मात्र भिंतीवर नाव लागणार होतं आणि काय वाटेल ते झालं तरी मी ही संधी सोडणार नव्हतो.

नळी रुमालात बांधून मी खाली अंगणात गेलो. तिथे पिंपळासारख्या सळसळणाऱ्या पॉप्लरखाली आमची निवृत्त मंडळी बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. मी डावाला बसलो आणि रुमाल अर्धा मिनिट उघडला.

"नरसाळं आहे," फौंड्रीचा लुआन म्हणाला.

"आग विझवायच्या नळकांड्याचं तोंड," स्टोअरचा थाव म्हणाला.

पटावर माझ्यासमोर टर्निंग विभागाचा कोऊ शांगवू होता. नळीकडे बघून त्याच्या हातातला घोडा हातातच राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "भंगार आहे. फेकून दे."

मला हसू आलं. कोऊला भंगार या शब्दाची ओळख माझ्यामुळेच झाली होती! तो कारखान्यातला नामांकित टर्नर, सातव्या श्रेणीचा. आठवी म्हणजे कामगाराची सगळ्यात वरची पायरी. शहाऐंशी साली त्याने आठवीची परीक्षा दिली, तीन नमुने केले आणि तिन्ही मी नापास केले. पहिला दीड शतांशाने, दुसरा एका शतांशाने. तिसरा मापात बसला, तेव्हा मी भिंग लावून ओरखडा शोधला. कोऊ सातवीतच निवृत्त झाला. तरी रोज माझ्याशीच बुद्धिबळ खेळतो, कारण बाकीच्यांना येत नाही.

"उत्तम काम ओळखायला नजर लागते, कोऊ!" मी म्हणालो.

"असेल बाबा," तो म्हणाला आणि त्याने माझा हत्ती मारला.

तीन दिवस मी खोलीची कडी लावून मापं घेतली. श्यूलान बाहेरून ओरडायची, "अंडी उबवतोयस का रे आत?" पण मी दार उघडलं नाही. चौथ्या दिवशी अहवाल लिहिला. 'सदर वस्तू एका गोपनीय उत्पादनाच्या इंधन-फवाऱ्याचे तोंड आहे. इंधन कुठेही चिकटू नये म्हणून आतून अशी झिलई केली आहे. उतार निर्दोष. हे काम आठव्या श्रेणीच्या हाताशिवाय अशक्य.' खाली ठसठशीत सही केली आणि अहवाल नळीसकट मियाओला दिला.

'गोपनीय' हा शब्द मी का लिहिला? कारण आमच्या कुठल्याच पंपात ही नळी बसत नव्हती! जे बसत नाही ते गोपनीय असणार, हे उघड आहे.

पण त्या एका शब्दाने काय गोंधळ घातला म्हणता! संग्रहालयाच्या संचालकांनी नळी कोपऱ्यातल्या फळीवरून उचलली ती थेट मधल्या दालनात, लाल मखमलीवर, काचेच्या पेटीत. फोटोला बंदी. आणि आमच्या अंगणात सगळ्यांना एकदम आठवायला लागलं! लुआन म्हणाला, "त्या गोपनीय कामाचं ओतकाम मीच केलं होतं, पण तोंड शिवलेलं होतं." थाव म्हणाला, "माझ्या स्टोअरमध्ये ती तीन कुलुपांत असायची." मी म्हटलं, "अरे, तू तर आग विझवायचं नळकांडं म्हणालास ना?" तर म्हणतो, "मुद्दाम! गुप्तता पाळायला!"

कोऊ एकटाच गप्प. एकदा फक्त म्हणाला, "अहवालाची एक प्रत मला दे."

"कशाला?"

"शिकेन काहीतरी."

मी खूश होऊन दिली.

उद्घाटनाला अख्खी वसाहत लोटली. टीव्हीवाले आले. मी लग्नातला कोट घातला होता, वरचं बटण लागत नव्हतं. संचालकांनी मखमलीचा पडदा ओढला, टाळ्या पडल्या, आणि टीव्हीच्या मुलीने माझ्या तोंडाशी माइक धरला.

"यिन उस्ताद, ही वस्तू नेमकी कशासाठी वापरायचे?"

"अजूनही सांगता येत नाही!" मी म्हणालो. लुआनने मान खाली घातली, जणू शपथ आठवली.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कोपरं मारत श्यूलान पुढे आली. काचेला नाक लावलं. आणि ओरडली, "अगं बाई! ही तर शेवयांची नळी!"

मागच्या बायका एकदम फुटल्या. कुणी पोट धरलं, कुणी शेजारणीला धरलं. मियाओ बिचारी गोंधळली, "कसल्या शेवया?"

"आंबवलेल्या मक्याच्या! नळी अंगठ्यात घालायची, पीठ मुठीत घ्यायचं, टाळी दिल्यासारखं दाबायचं, की शेवई सरळ उकळत्या पाण्यात! तुमच्या या तज्ज्ञाने चाळीस वर्षं दर आठवड्याला दोन वाडगे गिळलेत!"

"अगं, ती पत्र्याची असते!" मी कुजबुजलो. "ही पोलादाची आहे, आतून आरशासारखी झिलई..."

"मग? पीठ चिकटायला नको म्हणून! कोऊच्या बायकोकडे अश्शीच आहे! तुला किती वेळा म्हटलं, मलाही एक आण. तर म्हणालास, कारखान्याचं पोलाद माझ्या घरात येणार नाही!"

सगळ्यांच्या माना कोऊकडे वळल्या. माइकही वळला. कोऊ शांतपणे पुढे आला.

"मीच केली," तो म्हणाला. "बायकोला तेव्हा दिवस गेले होते. रोज आंबट शेवया हव्यात, आणि पत्र्याने तिचा अंगठा सोलून निघालेला. ही घेऊन निघणार, इतक्यात हा शतांश कपाटं तपासायला आला! मी ती कपाटामागे टाकली. कपाट भिंतीत पक्कं, काढणार कशी? मग दुसरी केली. ती बुटातून नेली."

"कामाच्या वेळेत केली?" संचालकांनी विचारलं.

"मग काय जेवणाच्या सुट्टीत? सुट्टीत मी जेवत होतो!"

लुआन आणि थाव केव्हा सटकले, कुणी पाहिलं नाही. कोऊने खिशातून माझ्या अहवालाची प्रत काढली, घडी उलगडली आणि मला दिली. "शेवटचं वाक्य वाच ना. माझा चष्मा घरी राहिलाय." चष्मा त्याच्या नाकावर होता! पण समोर कॅमेरा. मी वाचलं. "हे काम आठव्या श्रेणीच्या हाताशिवाय अशक्य."

"कधीचं काम हे?" कोऊने मलाच विचारलं. कपाटं मी एकदाच, शहाऐंशी साली तपासली होती, त्याच्या परीक्षेच्या आधी महिनाभर. तो तिसऱ्या नमुन्यावरचा ओरखडा मला आजही दिसतो, आणि खरं सांगायचं तर तो भिंगाशिवाय कुणालाच दिसला नसता. मला लाज वाटली.

मी मियाओला बाजूला घेतलं. "पोरी, माझं नाव काढून टाक."

"कसं काढू, उस्ताद? सही आहे ना तुमची! आणि संचालक म्हणतात, हीच गोष्ट जास्त छान आहे."

तेव्हा आता मधल्या दालनात, लाल मखमलीवर, ही पाटी आहे: 'शेवयांची नळी. कारखान्याच्या पोलादातून, कामाच्या वेळेत, चोरून केलेली. कारागीर: कोऊ शांगवू, आठवी श्रेणी. तपासून पसंत करणारे: यिन दाचेंग.' 'चोरून' एवढा शब्द गाळा म्हणून मी गयावया केली. कोऊ म्हणाला, "छे! नोंद काटेकोर हवी."

यानंतर श्यूलानने पीठ मळायचंच बंद केलं. "पोलादी नळी आण, मग शेवया!" तीन आठवडे मी भातावर काढले. शेवटी मान खाली घालून एक मजला चढलो आणि कोऊचं दार वाजवलं. दोन दिवसांपुरती त्याची नळी मागितली. त्याने आत जाऊन आणली, माझ्या तळहातावर ठेवली आणि दार अडवून उभा राहिला.

"तपासून घे."

मी फिरवून पाहिली. आत बोट घातलं. चाळीस वर्षं पीठ दाबूनही कुठे चरा नव्हता.

"पास," मी पुटपुटलो.

"जरा मोठ्यानं बोल, यिन. जिन्यात ऐकू येत नाही."

मी छाती भरून ओरडलो, "पास!" वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही," कोऊ वर बघून म्हणाला, "निकाल लागला." आणि त्याने दार लावून घेतलं.