पळसदेवच्या वाट्यांची मोहीम

श्री उजनी प्रसन्न. इंदापूर प्रांती पळसदेव मुक्कामी मासळीच्या वाट्यांवरून जे रण माजले, त्याची साद्यंत हकिकत लिहावी ऐसी आज्ञा जाहली, त्याजवरून लिहिली. मेहनताना आम्हीच ठरवू, कारण हल्ली तीच रीत आहे.

वर्तमान ऐसे जे, राजश्री अविराजराव, माजी आमदार, एकदा निवडून आले आणि दोनदा सपशेल आपटले, आणि रयतेने सोडिले तरी खजिन्याने सोडिले नाही, हयातभराचे निवृत्तिवेतन चालूच राहिले. मग एके उन्हाळी, धरण उतरून जुन्या देवळाचे शिखर उघडे पडले असता, रावांची पांढरी गाडी बारामतीहून कूच करोन ताज्या मासळीच्या ओढीने काठी दाखल जाहली. तेथे भिमा, खाजा आणि ठमाबाई या तिघा सरदारांनी सामाईक जाळे ओढून गनीम जेरबंद केला होता. चिलापी बहुत, आणि मरळ फक्त एक. ठमाबाईंची लेक संजीवनी नुकती बाळंत, अंगात रक्त नाही, तिजला मरळीचा रस्सा पाजावा म्हणोन बाईंचा जीव त्या एका मरळीत अडकला होता.

पाहुण्यास वाटा द्यावा ही रीत, आणि ढीग घालण्याचा मानही पाहुण्यासच, म्हणोन भिमाने अर्ज केला की वाटे साहेबांनी घालावे. मग रावांनी बाह्या सारून चार ढीग घातले, तीन मूठमूठभर आणि चौथा डोंगराएवढा, त्यावर मरळ, आणि "हा आमचा" म्हणोन हात ठेविला.

"आवं सायब," ठमाबाई कडाडल्या, "ढीग घालणारा शेवटी उचलतो. हितली रीत हाय."

रावांनी फर्माविले की, संविधानाचे एकशे पंचाण्णवावे कलमी आमदारांचे वेतन-भत्ते विधिमंडळानेच कायदा करोन ठरवावे ऐसे साफ आहे, सबब घालणारे आम्ही आणि उचलणारेही आम्ही.

"त्यात पेन्शन हाय का?" खाजाने पुसले.

"शब्द नाही. परंतु मनाईही नाही."

केवढी ही अक्कल! मनाई नाही ते आपले, ऐसा सुलभ राज्यकारभार ऐकोन आम्हांस हसू आले, आणि मागाहून भयंकर चीड आली.

मग रावांनी सभागृहाच्या सवयीने ठराव मांडिला आणि अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे ऐसा पुकारा केला. मुंबईस असला ठराव चहा निवण्याआधी मंजूर होई, आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे उभय बाजूंचे वीर त्या घटकेपुरते सख्खे भाऊ होत. येथे 'होय' ऐसे एकटे रावच म्हणाले. मग प्रतिकूल कोण, हे विचारणे भाग पडले, आणि तिघांनी एकच आरोळी ठोकिली, "न्हाय!"

आपल्या वाट्याच्या ठरावास नकार रावांनी उभ्या हयातीत ऐकिला नव्हता. ते भांबावून ड्रायव्हरकडे पाहू लागले, तोवर ठमाबाईंनी मरळ उचलून पदराखाली घातली, डोंगर तिघांत वाटिला, आणि रावांपुढे मूठभर चिलापी सरकविली.

येणेप्रमाणे पळसदेवी फत्ते जाहली, संजीवनी रस्सा प्याली, आणि हे दफ्तरी नमूद केले. पुढील अधिवेशनी माजी आमदारांच्या निवृत्तिवेतनवाढीचे विधेयक आले आणि आवाजी मताने मंजूर जाहले. प्रतिकूल कोण, ऐसे तेथेही रीतसर विचारिले होते. परंतु तेथे ठमाबाई नव्हत्या.