थर हलू नये म्हणून

नरहररावांच्या घरचा कूलर भर मे महिन्यात बंद होता, आणि तो बिघडलेला नव्हता. वर्ध्यात असं सांगितलं की लोक आपल्याकडे काळजीने बघतात.

कारण त्यांची लेक वेदश्री. कॉलेजला सुट्ट्या लागल्या म्हणून सरांच्या परवानगीने तिने लेझरवर चालणारा, लॅपटॉपला जोडायचा सूक्ष्मदर्शक घरी आणला होता. उथळ ट्रेमधल्या पाण्यावर ती स्टिअरिक आम्लाच्या द्रावणाचे थेंब सोडायची. त्याचे रेणू आपले आपण एकमेकांना खेटून उभे राहतात आणि एका रेणूएवढा थर होतो. लेझर नेमक्या कोनात टाकला की पाणी काळं दिसतं, आणि थर तेवढा लॅपटॉपवर उजळतो. त्याचा एक स्वच्छ फोटो संध्याकाळपर्यंत सरांना पाठवायचा होता, नाहीतर प्रकल्प पुढच्या वर्षावर जाणार होता. कूलरच्या वाऱ्याने मात्र थर फाटायचा.

"अन् मी फाटलो तर चालते का?" ओल्या दुपट्ट्याने मान पुसत नरहरराव रोज विचारत.

अशात डेंग्यूसाठी घरोघरी पाणी तपासणारी काजल आली. बंद कूलरच्या टाकीत तिला अळ्या वळवळताना दिसल्या. ते पाणी ओतून द्यायला सांगून तिने ट्रेकडे बोट केलं.

"हे बी सांडा लागते, ताई. साचलेलं पाणी आहे."

थर आत्ता कुठे जमत होता. तोंडाला येईल ते वेदश्री बोलून गेली, "यात अळी जगतच नाई. वर थर आहे, तिले श्वासच घेता येत नाई."

काजल म्हणाली, पाहू तर; जगली तर ट्रे सांडा लागते. वेदश्रीने ते कबूल केलं. टाकीतली एक अळी तिने चमच्याने ट्रेमध्ये सोडली, आणि तिघं लॅपटॉपवर वाकले.

अळी मरायला मुळीच तयार नव्हती. वर येऊन तिने शेपटाकडची नळी पाण्याबाहेर काढली, तसं उजळ थरात काळं भोक पडलं. ती खाली गेली आणि आजूबाजूचा थर सावकाश सरकत येऊन भोक बुजलं. वेदश्रीचं खोटं उघडं पडलं होतं, पण काजल काही हलेना. अजून एकदा वर येऊ द्या, म्हणाली.

इतक्यात वेदश्रीच्या आई पद्माबाईंनी घासलेली टाकी भरून कूलर लावला. नवऱ्याचे हाल त्यांना बघवत नव्हते. पडद्यावरचा थर कडेला पळाला. पाठीला गार वारा लागताच नरहरराव ताडकन उठले.

"पद्मा, बंद कर तो कूलर. अळी वर येऊन राह्यली."

थर पुन्हा जमला आणि फोटोही निघाला. मग वेदश्रीनेच कबूल केल्याप्रमाणे ट्रे उचलायला हात घातला, तर घामाने निथळणारे नरहरराव खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "इतकी काय घाई आहे? उद्या सांडू."