आहेराचा कप्पा

कापडाबद्दल मला कुणी शिकवू नये, असं माझं गेल्या महिन्यापर्यंत ठाम मत होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी डिस्पॅचला आहे. (डिस्पॅच म्हणजे दुसऱ्यानं विणलेलं तिसऱ्याकडं पाठवून देणं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं ते माझ्याच अंगाशी आलं.) कापडाचं माझं शास्त्र एका प्रश्नात संपतं: पाणी टिपतं का? टिपलं तर टॉवेल, नाही टिपलं तर चादर.

आणि वेळ आली तर मी टिपण्याचाही आग्रह धरत नाही. दिवाळीआधी आमच्या एका लॉटला सॉफ्टनर जास्त पडलं. टॉवेल हाताला लोण्यासारखा, पण पाण्याशी त्याचं उभं वैर. थेंब पडला की घरंगळत खाली. मालक डोकं धरून बसले, तेव्हा मीच सुचवलं की प्रत्येक टॉवेलबरोबर एक टोपी घालून पॅक करा आणि आहेराचा माल म्हणून काढून टाका. आहेराच्या टॉवेलनं कोण अंग पुसतंय? तो कव्हराच्या बाहेर न येता या मांडवातून त्या मांडवात फिरत राहतो. मालकांनी माझी पाठ थोपटली. त्या भरात मी काही दिवस ऑफिसात जरा छाती काढूनच चालत होतो.

आहेराचा असा एक कप्पा आपल्याकडं प्रत्येक कपाटात असतो. लग्नात आलेल्या शाली, वास्तुशांतीतले टॉवेल, कुणाच्या तरी साठीतले ब्लाऊजपीस. यातलं वापरायचं काही नसतं, पुढं ढकलायचं असतं. फक्त ज्यानं दिलं त्यालाच परत जाऊ नये, एवढं पथ्य पाळायचं. (आम्ही एकदा तेही पाळलं नव्हतं. माझे मोठे साडू अजून बोलत नाहीत.)

तर सिद्धलिंगप्पा निवृत्त होणार होते. ते आमच्या लूमचे मास्तर, साधा आणि भला माणूस. सत्काराची शाल आणि नारळ आणायचं काम मालकांनी माझ्याकडं दिलं. नारळ माझ्या लक्षात राहिला. शाल विसरल्याचं सकाळी निघताना आठवलं, मग मी कपाट उघडलं, कप्प्यातलं सगळ्यात वरचं कव्हर उचललं आणि स्कूटरच्या डिकीत टाकलं. एवढाच काय तो माझा निर्णय.

सत्काराला मीच घडी मोडून शाल मालकांच्या हातात दिली. काळपट, तपकिरी, हाताला खरखरीत. मनात म्हटलं, ही नक्की साडूंनीच दिली असणार, त्यांची आवड अशीच. मालक मात्र म्हणाले की शाल जरा वेगळी आहे. मी सांगितलं, “खास शोधून आणलीय साहेब.” (शोधून आणली नव्हती. शोधायचं पुढं होतं.)

आता बायकोबद्दल सांगायला हवं. वैजयंतीचं माहेर सांगोल्याकडं, मेंढरांचं घर. माझ्या सासूबाई, बजाबाई, अजून हातानं लोकर कातून पाठवतात आणि आमच्या जुळे सोलापूरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत एका छोट्या मागावर वैजयंती तिचे स्टोल आणि स्कार्फ विणते. एकासारखा दुसरा नाही. तिच्या मते ते कापड नसतं, अंगावर घालायचं चित्र असतं. पहिला स्टोल तिनं हौसेनं दाखवला, तेव्हा मी मनापासून विचारलं होतं की हे पाणी टिपतं का. त्या रात्री मला पिठलं सुद्धा थंड मिळालं.

पुण्याच्या प्रियदर्शनी मॅडम सोलापुरात हातविणीच्या वस्त्रांचं प्रदर्शन भरवणार होत्या. वैजयंतीनं दसऱ्यापासून विणत आणलेली एक शाल त्यांनी मधोमध टांगायला निवडली होती. निमंत्रणपत्रिकेवर तिचाच फोटो. रविवारी उद्घाटन, आणि गुरुवारी संध्याकाळी इस्त्री करायला म्हणून वैजयंतीनं आहेराचा कप्पा उघडला.

“अहो, इथली माझी शाल कुठाय?”

मी विचारलं, कुठली. तिनं सांगितलं की लोकरीला कसर लागू नये म्हणून एका जुन्या कव्हरात घालून तिनं ती या कप्प्यात ठेवली होती, डांबरगोळ्या इथंच असतात म्हणून. वरच्या कव्हराला हात लावू नका असं मला बजावलंही होतं आणि मी ‘हं’ म्हणालो होतो. (नवऱ्याचा ‘हं’ हा श्वास सोडण्याचाच प्रकार आहे, त्याचा कानाशी संबंध नसतो, हे या बायकांना कधी कळणार.) मग आठवण पटावी म्हणून तिनं पत्रिकाच माझ्यापुढं धरली. काळपट, तपकिरी. मी पत्रिका घडी करून खिशात घातली.

“ती होय,” मी म्हणालो, “ती मी ऑफिसात नेलीय. साहेबांना दाखवायला.”

वैजयंती स्टुलावर बसली. तिचे डोळे भरून आले. “तुम्ही? माझं काम दाखवायला नेलंत?” एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी शेंगाच्या पोळ्या करायला घेतल्या. वरून तूप. आयुष्यात पहिल्यांदा शेंगाची पोळी माझ्या घशाखाली उतरेना. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी कामावरून सुटल्यावर सिद्धलिंगप्पांचं घर गाठलं. आता आली पंचाईत. दिलेली शाल परत कशी मागायची? मी आडून विचारलं की शाल कशी काय वाटली.

“लई भारी हाय की महिपतराव. रोज अंगावर घेतो.”

मी म्हटलं, एकदा घेऊन दाखवा, फोटो काढतो. तर ती धुवायला टाकलीय म्हणाले. मी म्हटलं, वाळत असेल तर बघतो. ते म्हणाले, अजून भिजत हाय. आम्ही दोघंही एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हतो. शेवटी आतून त्यांच्या बायकोला, नीलम्मांना, राहवेना.

“कशाला खोटं बोलालाव? कुर्डुवाडीला दिऊन आलाव की ती, दोस्ताच्या वास्तुशांतीला.” आणि मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “मी नको म्हणत होते. त्यात मेंढरं चाललेली दिसत होती बघा.”

मेंढरं? मी पत्रिका खिशातून काढून पुन्हा पाहिली. मला काही मेंढरं दिसली नाहीत. सिद्धलिंगप्पा मात्र इतके शरमले होते की त्यांना धीर देण्यातच माझा अर्धा तास गेला. त्यांनी केलं ते अगदी रीतीप्रमाणं होतं, आणि मीही तेच केलं होतं, हे मला सांगता येत नव्हतं.

शनिवारी ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवून कुर्डुवाडीची गाडी धरली. सिद्धलिंगप्पांचे दोस्त बापूसाहेब तिथं रेल्वेच्या वर्कशॉपात आहेत. नवं घर, दारावर अजून तोरण. त्यांनी चहा दिला आणि पंचाईत सांगितली की वास्तुशांतीत शालींचा ढीग जमलाय, त्यातली तुमची ओळखायची कशी, जरा वर्णन करा. मी घसा साफ केला. “काळपट आहे. तपकिरी म्हटली तरी चालेल. साधारण शालीएवढी आहे.” यापुढं मला काही सुचेना. दसऱ्यापासून ती माझ्या खुर्चीमागं विणली जात होती. मागाचा आवाज आला की मी टीव्हीचा वाढवत होतो.

तेवढ्यात अंगणातल्या बाजेवरून त्यांच्या आई गोजरबाईंनी हाक मारली. म्हातारी थंडीच्या उन्हाला बसली होती आणि अंगाभोवती माझ्या बायकोची शाल होती. आहेराची शाल कव्हरातून काढून खरोखर पांघरणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

“ही व्हय तुजी? आन तुला सांगता येईना?” म्हातारीनं शालीचं एक टोक पुढं केलं. “बघ. ह्यो काळा हाय न्हवं, ह्यो आमच्याकडचा माळ. ही तांबडी बारीक टिपं म्हंजी बोरं. आन ही कडंनं पांढरी जाती, ती सांजची घराकडं परतनारी मेंढरं. वास बी त्योच हाय. कुनी इनलं?”

“माझ्या बायकोनं.”

“आन तू वाटून टाकलंस व्हय.”

मी मान खाली घातली. उद्या प्रदर्शन आहे, शाल नेली नाही तर तिची एवढ्या दिवसांची मेहनत वाया जाईल, असं सगळं काकुळतीला येऊन सांगितलं. बापूसाहेबांनीही आईला समजावून पाहिलं. गोजरबाईंनी शाल आणखी घट्ट लपेटली.

“जिनं इनली तिनं मागितली तर दीन. तू कोन? उद्या मीच येते सोलापूरला. तिला बगायचंच हाय मला.”

रिकाम्या हातानं घरी आलो. वैजयंती इस्त्री तापवून वाट बघत होती. साहेबांना आवडली का, असं तिनं विचारलं आणि मग माझ्यानं राहवलं नाही. डिकीपासून बाजेपर्यंत सगळं सांगून टाकलं. सांगताना मला खरंच लाज वाटत होती, ती शाल हरवल्याची नाही, ती ओळखता न आल्याची. तिचा चेहरा उतरत गेला. इस्त्रीचं बटण तिनं बंद केलं. मी बोलणी खायच्या तयारीत उभा राहिलो. ती म्हणाली, “त्या आजी काय म्हणाल्या, ते परत सांगा.”

मी शब्द न् शब्द सांगितला. माळ, बोरं, मेंढरं. तिनं पुन्हा सांगायला लावलं. मग बाल्कनीत मागापाशी जाऊन उभी राहिली. “त्यांना एका बैठकीत कळलं,” एवढंच म्हणाली. जेवायला पिठलं होतं, थंड.

रविवारी हॉलमध्ये सगळीकडं रंगीत स्टोल लहरत होते आणि मधोमध रिकामा हँगर. खाली वैजयंतीच्या नावाची पाटी. प्रियदर्शनी मॅडम सारख्या घड्याळ बघत होत्या. लोक हँगरपुढं थांबून कौतुकानं माना डोलवत होते, त्यांना वाटलं हेही काहीतरी नवीन असेल. मॅडमनी वैजयंतीला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, “येतेय ती. चालत येतेय.”

आणि आलीच. पुढं हिरव्या लुगड्यावर शाल पांघरलेल्या गोजरबाई, मागं बापूसाहेब, त्यांच्या मागं तोंड लपवत सिद्धलिंगप्पा आणि नीलम्मा. म्हातारी हॉलच्या मधून चालत गेली तसं बोलणं बंद होत गेलं. हँगरवर जे चित्र असायचं होतं ते चालत होतं, आणि कडेची पांढरी मेंढरं तिच्या पावलागणिक हलत होती. मला ती दिसली. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

गोजरबाई वैजयंतीपुढं थांबल्या. “मागतीस का पोरी? मागितलीस तर दीन.”

वैजयंतीनं शालीची कड चाचपली आणि म्हातारीच्या खांद्यावर नीट सारखी केली. “नको आजी. हँगरला थंडी वाजत नाही.”

मग कुणाची तू, कुठल्या वस्तीवरची, असं सुरू झालं आणि बजाबाईचं नाव निघताच म्हातारीनं कपाळाला हात लावला. म्हातारीचं आणि वैजयंतीचं माहेर एकाच शिवारातलं. म्हणजे वैजयंती माहेरची लेक आणि मी, गोजरबाईंच्या शब्दांत, “येडा असला तरी जावई”. मॅडमनी ही सगळी हकिगत माईकवरून लोकांना सांगितली. (माझा भाग जरा कमी सांगितला असता तरी चाललं असतं.)

येताना म्हातारी रिकाम्या हातानं आली नव्हती. पिशवीतून वैजयंतीला खण काढला, ओटी भरली. मग मला पाटाऐवजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून बापूसाहेबांच्या हातून डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल. हॉल टाळ्या वाजवत होता, फोटो निघत होते. माझे डोळे वाहायला लागले. मी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि तोंड पुसलं.

पाणी गेलंच नाही. या गालावरचं त्या गालावर गेलं, तिथून कानात. पुन्हा पुसलं, तर हनुवटीवरून शर्टात. टॉवेल मात्र लोण्यासारखा मऊ आणि कोरडा ठणठणीत. कोपऱ्यातलं लेबल बघायची गरज नव्हती, तरी वैजयंतीनं ते बघितलं.

“तुमच्याच कारखान्याचा की हो,” ती म्हणाली. “पाणी टिपतो का?”

घरी आल्यावर तिनं बाथरूममधले बाकीचे टॉवेल आहेराच्या कप्प्यात ठेवले आणि त्याला कुलूप लावलं. जावयाला मिळालेला आहेर पुढं ढकलायचा नसतो, वापरायचा असतो, असं तिचं म्हणणं. त्यामुळं हल्ली रोज आंघोळ झाली की मी बाल्कनीत मागाशेजारी जाऊन उभा राहतो. सोलापूरचं ऊन कडक आहे म्हणून बरं, ऑफिसच्या वेळेपर्यंत वाळून होतो.