अर्धी कॉइल

आधीच सांगून ठेवतो, विजेच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये! शाळेत विज्ञानात माझा हात धरणारा कोणी नव्हता. व्होल्टला ॲम्पियरने भागलं की रोध, गुणलं की वॅट. झोपेतून उठवून विचारा! लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हे मी बायकोलाही ऐकवलं होतं. तेव्हापासून घरातले बल्ब तीच बदलते, हा भाग वेगळा.

पण सध्या बल्ब बदलायला ती घरात नव्हती. लेकीचं बाळंतपण करायला म्हणून गेली, ती तिकडचीच झाली. बाळाला दात आले, बाळ रांगायला लागलं, तरी आजीबाईंचा पाय काही निघेना. फोनवर रोज विचारायची, "कसं चाललंय?" मी रोज सांगायचो, "एकदम मस्त! काळजी करू नकोस!" आणि फोन ठेवला की सवयीने दोन कप चहा करायचो, नि दुसराही मीच प्यायचो. तिची आठवण तर यायचीच, तिच्या कटकटीचीसुद्धा यायची! एकदा ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकून पाहिला. कोणीही ओरडलं नाही. शेवटी मीच उचलून वाळत घातला.

मग एक दिवस ती म्हणाली, "अहो, थंडी पडलीये. शनिवारी येते, माझे स्वेटर आणि जाड शाल घेते, सोमवारी परत."

"परत?"

"मग! बाळाला सोडून राहवत नाही मला."

मला सोडून राहवतं का, हे ओठांवर आलं होतं. पण मी म्हणालो, "मस्त! ये!"

फोन ठेवला आणि ठरवलं, आता हिला जाऊ द्यायचं नाही! उपाय माळ्यावर होता. आमचा जुना हीटर! एका खोलीत संसार मांडला तेव्हा घेतलेली पहिली वस्तू. जाळीमागची कॉइल लाल झाली की आम्ही दोघं एकाच चादरीत त्याच्यासमोर बसायचो. "हा आहे तोवर मला दुसरं काही नको," असं ती म्हणायची. पुढे तो बिघडला, माळ्यावर गेला, आणि आमचं ते बसणंही त्याच्याबरोबरच माळ्यावर गेलं. शनिवारी ती दारातून आत येईल, समोर हीटर लाल पेटलेला, शेजारी मी चादर पांघरून. बघतो कशी जाते परत!

हीटर उघडला तर कॉइल बरोबर मधोमध तुटलेली. दुसरा कोणी नवी आणायला धावला असता. मी पेन काढलं! हीटरच्या पाठीवर लिहिलं होतं, २३० व्होल्ट, ५ ॲम्पियर. म्हणजे रोध शेहेचाळीस ओहम आणि ताकद साडेअकराशे वॅट. आता अर्धीच कॉइल ताणून बसवली तर? रोध अर्धा, तेवीस. ॲम्पियर पाचच, खुद्द कंपनीने छापलेत! पाचाचा वर्ग गुणिले तेवीस, पाचशे पंचाहत्तर वॅट. अर्धी वीज, अर्धं बिल आणि छान मंद ऊब! मी स्वतःचीच पाठ थोपटली. उरलेली अर्धी कॉइल ड्रॉवरमध्ये जपून ठेवली.

शनिवारी संध्याकाळी "स्टेशनवर येऊ नका, गर्दीत तुम्हीच हरवता," अशी ताकीद आली. मग "टॅक्सीत बसले," असा निरोप आला. मी चादर पांघरली, केसांवरून हात फिरवला आणि बटण दाबलं.

कॉइल लाल झाली. वा! नारिंगी झाली. अरे? पिवळी व्हायला लागली! "अगं, हळू, हळू!" मी तिला चुचकारलं. फट्! प्लगमधून धूर निघाला आणि घर अंधारात बुडालं. आमचा आणि खालच्या मजल्याचा फ्यूज एकच. खाली एक वकील राहतात.

"कोणाचे उद्योग हे?" खालून गर्जना आली. "माझं सगळं टायपिंग उडालं! थांबा, येतोच वर!"

बाहेर अंधार, पण डोक्यात लख्ख उजेड पडला! घरात येणारे व्होल्ट तेवढेच राहतात हो! रोध अर्धा केला की ॲम्पियर दुप्पट! दहा! म्हणजे तेवीसशे वॅट! अर्ध्या कॉइलने दुप्पट जाळ केला होता!

तेवढ्यात दारावर थाप पडली. आले वकील! मी श्वास रोखला. पुन्हा थाप, आणखी जोरात. मी चादरीत तोंड खुपसलं आणि बारीक आवाजात ओरडलो, "साहेब घरी नाहीत! बायकोला आणायला गेलेत!"

"बरं," बायकोचा आवाज आला. "आले की सांगा, बायको येऊन गेली."

आई गं! वीज नाही तर बेल कुठून वाजणार! मी चादरीत अडखळत, खुर्चीवर आपटत दार उघडलं. तिने नाक वर करून वास घेतला, मोबाईलचा उजेड आत टाकला आणि तिथेच थांबली.

"आपला हीटर? कशाला काढलात?"

"तू सोमवारी जाऊ नयेस म्हणून." एकदाचं निघालं तोंडातून. "करमत नाही गं मला."

ती मटकन खाली बसली, विझलेल्या हीटरसमोर. "मग हे फोनवर सांगायला काय झालं होतं? मी रोज वाट बघत होते, हा माणूस आज तरी म्हणेल, ये म्हणून! तर तुमचं आपलं एकदम मस्त! म्हटलं, माझ्यावाचून चाललंय छान, तर कशाला जा?"

मी चादरीचं एक टोक तिच्या खांद्यावर टाकलं. हीटर गार होता, पण कोणाला थंडी वाजत नव्हती.

मग तिने लेकीला फोन लावला. "मी काही सोमवारी येत नाही गं. इथलं बाळ जास्त लहान आहे." नंतर वकिलांची समजूत काढली आणि फ्यूजही तिनेच बदलला.

उरलेली अर्धी कॉइल अजून ड्रॉवरमध्ये आहे. ती म्हणते, टाकून द्या. देईन की! पण नातवाचा वाढदिवस जवळ आलाय, आणि परवाच ती विचारत होती, माझी मोठी बॅग कुठे ठेवलीत म्हणून.